शेठ, हे पत्र उघडंच पाठवतोय

रा. रा. ‘काय होतंय’ शेठ यांसी,
मु. पो. पिरंगुट, ता. मुळशी



तुमचं खरं नाव इथे घालत नाही. खोक्यात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, खोकं कुणाचं ते मी लिहीत नाही, फिट्टंफाट. शिवाय नाव छापलं तर अडचण माझीच व्हायची. लवळे फाट्यापासून घोटवड्यापर्यंतचे निम्मे शेडवाले ‘हे आमच्यावरच लिहिलंय’ म्हणत माझ्या दारात उभे राहतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं बरोबरही असेल. तेव्हा फोनवर तुम्ही दर दुसऱ्या वाक्याला जे म्हणत होतात, तेच तुमचं नाव ठेवलं. ‘काय होतंय त्याला!’

पत्र पाकिटात घालून पाठवता आलं असतं. पण बंद वस्तूंवरचा माझा विश्वास तुम्हीच उडवलात.

परवाच्या मंगळवारी तुमचा माल घेऊन छोटा हत्ती निघाला, तो भूगावात नेहमीप्रमाणे अडकला. पुढे चांदणी चौक, एक्स्प्रेस वे, खंडाळ्याचा घाट आणि रात्री कधीतरी सहारचा विमानतळ, असा त्याचा बेत. मुंबईला जाणाऱ्या गाड्या कागद तपासायला वाटेत माझ्या गोदामावर थांबतात, हे तुमचं दुर्दैव. ड्रायव्हर उतरला तो डोकं धरूनच. म्हणाला, "काका, माझ्या बहिणीच्या हळदीला सगळ्या पोरींनी एका खोलीत बसून नेलपॉलिश लावलं होतं, तसा वास येतोय मागनं." पाऊण तास तो पोरगा त्या वासात, उन्हात, हॉर्नच्या गदारोळात बसला होता. मधे त्याला बिडीची तलफ आली होती. गाडीत काडेपेटी नव्हती. शेठ, येत्या दसऱ्याला शेडमधल्या यंत्रांची पूजा कराल तेव्हा त्या नसलेल्या काडेपेटीलाही हळदकुंकू वाहा.

ताडपत्री काढली. तुमचं खोकं वेफर्सचं होतं. म्हणजे पूर्वाश्रमी वेफर्सचं. आता त्यावर ‘मशीन स्पेअर पार्ट्स’ असा कागद चिकटवलेला आणि भोवती खाकी चिकटपट्टीचे इतके वेढे, की ममी बांधणाऱ्यांनी हात टेकावेत. एक कोपरा ओला. चहात बुडवलेल्या खारीसारखा मऊ. बोट लावलं तर आत जाईल असा. मी पोरांना लांब केलं, खोकं गोदामाबाहेर मोकळ्या अंगणात, विजेच्या बटणांपासून दूर नेलं आणि हातमोजे घालून उघडलं.

आतलं वर्णन तुम्हाला कशाला सांगू? पण वाचकांना सांगायला हवं. एकेक लिटरचे चार पत्र्याचे डबे, चिकटवण्याच्या द्रावणाचे. एकाचं झाकण पोचा येऊन तिरकं झालेलं. डब्यांना जुनं वर्तमानपत्र गुंडाळलेलं, मधल्या फटींत भाताचा पेंढा कोंबलेला. मुळशीचा माल, मुळशीचाच पेंढा. स्वदेशीचा हा नमुना पाहून ऊर भरून आला. प्रत्येक डब्यावर कारखान्याने छापलेली लाल चौकट होती, ज्वाळेचं चित्र असलेली. ती तुम्ही नखाने खरवडायचा प्रयत्न केलेला, जमेना तेव्हा वर चिकटपट्टी मारलेली. आणि सगळ्यांत तळाशी, बबल रॅपच्या दुलईत, कॉर्डलेस ड्रिलची एक लिथियम-आयन बॅटरी. पुरीसारखी टम्म. सोबत चिठ्ठी: ‘दुरुस्तीसाठी परत’.

ज्वालाग्राही द्रव, वाळका पेंढा, रद्दी आणि कधी पेटेल सांगता येत नाही अशी बॅटरी. होळी रचताना गावात वर्गणी काढतात शेठ, तुम्ही एकट्याच्या खर्चाने रचलीत. आणि ती पेटवायची जागा निवडलीत जर्मनीला निघालेल्या प्रवासी विमानाचं पोट.

हो, प्रवासी विमानाचं. तुमची समजूत होती की माल मालाच्या विमानाने जातो. बराचसा माल प्रवाशांच्या पायाखालूनच जातो. वर कुणाची तरी आई नातवाचं बारसं करायला निघालेली असते, खाली तुमचे स्पेअर पार्ट्स.

मग मी तुम्हाला फोन केला. आपलं संभाषण तुम्ही विसरला असाल, मी नाही.

"शेठ, खोक्यात काय आहे?"

"काय नाय ओ, गोंद आहे. शाळेत पोरं कागद चिकटवतात ना, तसला."

"मग ज्वाळेच्या चित्रावर चिकटपट्टी कशाला?"

"ते विमानतळावरचे लोक उगाच घाबरतात. काय होतंय त्याला! पंधरा वर्षं पाठवतोय."

तुमची ही ‘पंधरा वर्षं’ मला फार आवडली. पंधरा वर्षं हेल्मेटविना पिरंगुटचा घाट उतरणारे, पंधरा वर्षं तुटक्या वायरीवर मोटर चालवणारे, सगळे हेच सांगतात. ज्यांचं सोळावं वर्ष आलं ते सांगायला येत नाहीत.

मी मालाची सुरक्षा-पत्रिका मागितली. धंद्यात तिला आपण एमएसडीएस म्हणतो. तुम्ही दोन मिनिटांत व्हॉट्सॲप केलीत. या तत्परतेनेच मी सावध झालो. त्या पत्रिकेचे सोळा भाग असतात. चौदावा भाग वाहतुकीचा. त्यात तुम्ही (किंवा तुमच्या पुतण्याने, अक्षरांचा ठसा वेगळा आहे म्हणून म्हणतो) टाकलंत, की हा माल वाहतुकीसाठी धोकादायक नाही. छान. पण खोटं बोलणाऱ्याने पूर्ण पत्रिका वाचावी. नवव्या भागात मालाचे गुणधर्म असतात, तिथे हात लावायचं राहून गेलं. तिथे मूळ कारखान्याचाच आकडा होता. फ्लॅश पॉइंट: उणे ४ अंश सेल्सिअस.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: ज्या तापमानाला द्रवातून इतकी वाफ उठू लागते की ठिणगी मिळाली तर ती पेटेल, तो फ्लॅश पॉइंट. विमानवाहतुकीच्या नियमांत साधारण ६० अंशांपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेला द्रव ज्वालाग्राही, म्हणजे वर्ग ३. २३ अंशांच्या खाली असेल तर तो अधिक वाईट गटात. आता आपल्या मुळशीचा हिशोब करू. पौषात, कोळवणच्या खोऱ्यात पहाटे शेकोटीला बसावं लागतं तेव्हाही पारा काही शून्याखाली जात नाही. म्हणजे शेठ, तुमचा हा ‘गोंद’ आपल्या तालुक्यात बाराही महिने, आठही प्रहर ठिणगीची वाट बघत बसलेला आहे. शाळेतल्या पोरांना तो देऊ नका.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जगातल्या सगळ्या धोकादायक मालाचे नऊ वर्ग पाडले. पहिला स्फोटकांचा, सातवा किरणोत्सर्गी मालाचा, नवव्यात लिथियम बॅटऱ्यांसारखी किरकोळ दिसणारी आणि मुळीच किरकोळ नसणारी मंडळी. प्रत्येक मालाला चार आकडी यूएन क्रमांक. तुमच्या द्रावणाचा ११३३. तुमच्या बॅटरीच्या जातीचा ३४८०. जर्मनीतल्या हमालाला मराठी येत नाही, सहारच्या हमालाला जर्मन येत नाही, पण ११३३ दोघांनाही कळतो. तुम्ही मात्र नऊ वर्गांवर समाधान मानलं नाहीत. दहावा काढलात: ‘काय होतंय’ वर्ग. दहा नंबरी हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून द्यायचं श्रेय तुमचं.

तुम्ही म्हणालात, "डबा पॅक आहे, सांडतोय कुठे?" महाबळेश्वरला सहकुटुंब जाता ना? वर पोहोचेपर्यंत वेफर्सचं पाकीट उशीसारखं फुगतं, पोरं त्यावर हात आपटून फोडतात. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून आतली हवा पसरते, एवढंच. विमान उंच गेलं की त्याच्या पोटातला दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका उतरतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या डोक्यावर अजून अर्धं कळसूबाई ठेवलं, तर तुमचा डबा कुठल्या हवेत बसणार ते कळेल. म्हणून द्रव भरायच्या डब्यांची दाबाची चाचणी घेतात. बाहेरचं खोकं ठराविक उंचीवरून आपटून बघतात. या गटातल्या मालासाठी १.२ मीटरवरून. ते टिकलं तर त्यावर यूएनचा गोल शिक्का आणि 4जीने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची ओळ छापतात. तुमच्या खोक्यावरही छाप होता: ‘चटपटा मसाला’.

पेंढ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ३ नोव्हेंबर १९७३ ला पॅन अ‍ॅमचं एक मालवाहू ७०७ बोस्टनला उतरता उतरता कोसळलं, तिघे वैमानिक-कर्मचारी गेले. त्यात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या, नीट न बांधलेल्या, आणि भोवती लाकडाचा भुसा. आम्ल गळलं, भुशाशी भिडलं, धूर थेट वैमानिकांच्या खोलीत. बाटली फुटू नये म्हणून घातलेल्या वस्तूनेच विमान पाडलं. त्यानंतर भरावासाठी जळणार नाही, मालाशी झोंबणार नाही आणि सांडलं तर शोषून घेईल असं काहीतरी वापरायचं, हे बांधणाऱ्यांच्या अंगवळणी पडलं. माझ्याकडे व्हर्मिक्युलाइटची पोती असतात. राखाडी-सोनेरी, हलकं, अभ्रकाच्या चुऱ्यासारखं. पुढच्या वेळी मागा, एक पोतं फुकट देईन. पेंढा बैलांना घाला, त्यांना त्याचा योग्य उपयोग ठाऊक आहे.

पण तुमच्या खोक्याकडे बघताना माझ्या डोक्यात बोस्टन नव्हतं. मला आठवत होता एक शब्द. ‘रिकामे’.

११ मे १९९६. अमेरिकेतल्या मायामीहून व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान उडालं. पोटात पाच खोकी होती, त्यांत जुन्या विमानांतून काढलेले ऑक्सिजन तयार करणारे डबे. आणीबाणीत प्रवाशांच्या तोंडावर जे मुखवटे लोंबतात ना, त्यांना ऑक्सिजन पुरवणारे. हे डबे चालू झाले की रासायनिक क्रियेने प्रचंड तापतात. त्यांची मुदत संपली होती, पण आतला मसाला संपलेला नव्हता. त्यांना सुरक्षिततेच्या टोप्या घालायच्या होत्या. टोप्या नव्हत्या, तरी कामाच्या कागदांवर सह्या झाल्या. आणि माल रवाना करताना पावतीवर कुणीतरी लिहिलं की डबे रिकामे आहेत. ते लिहिणारा माणूस बदमाश नव्हता, नुसता निष्काळजी होता. त्याने तो शब्द लिहिला आणि पुढच्या प्रत्येक माणसाने तो खरा धरला. काही मिनिटांत विमान फ्लोरिडाच्या दलदलीत गेलं. ११० माणसं.

तुम्ही तर निष्काळजीही नाही आहात, शेठ. निष्काळजी माणूस ज्वाळेवर चिकटपट्टी मारायचे कष्ट घेत नाही.

आमच्या धंद्यात एक कागद असतो, नोटॉक म्हणतात. विमानात धोकादायक काय काय चढवलंय, किती आणि कुठल्या कप्प्यात, ते कॅप्टनला उड्डाणाआधी लिहून देतात. हवेत काही झालंच तर तो खाली कळवू शकतो, आणि आगीचा बंब घेऊन धावणाऱ्यांना समोर काय आहे हे ठाऊक असतं. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात ८० हजारांहून जास्त लिथियम बॅटऱ्या होत्या आणि आग लागली. वैमानिकाच्या खोलीत इतका धूर, की समोरची तबकडी दिसेना. आपण किती उंचीवर आहोत, किती वेगाने जातोय, हे तो रेडिओवरून दुसऱ्यांना विचारत होता, आणि दुसऱ्या विमानांतले वैमानिक त्याचे निरोप पोहोचवत होते. दोघेही वैमानिक गेले. नियम तेव्हापासून आवळत गेले. १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत; मालवाहू विमानातून न्यायच्या तरी त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नकोत. आणि फुगलेली, बिघडलेली, ‘दुरुस्तीसाठी परत’ची बॅटरी? ती कुठल्याच विमानात नाही. तिच्यासाठी कागदच नाही. ती सध्या माझ्या अंगणात वाळूच्या बादलीत पुरलेली आहे आणि माझा कुत्रा तिच्याकडे संशयाने बघतो. तुमच्यापेक्षा त्याला वर्गीकरण बरं जमतं.

"पण एक्स-रे असतो की," तुम्ही म्हणालात. असतो. एक्स-रेला चार डबे दिसतात, डब्यात द्रव दिसतो. द्रवाचा फ्लॅश पॉइंट दिसत नाही. तो सांगणारा पृथ्वीवर एकच माणूस आहे: पाठवणारा. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. लाल तिरप्या रेघांची किनार असलेलं ते डिक्लेरेशन, त्यावर पाठवणाऱ्याने सही करून सांगायचं की आत हेच आहे आणि नियमाप्रमाणे बांधलंय. तुम्ही मला म्हणालात, "तुम्हीच करा ना सही, तुम्हाला सवय आहे." माझी सवय दर दोन वर्षांनी परीक्षा देऊन टिकवावी लागते. तुमच्या गोंदासाठी ती मी घालवायची?

बरं, कायदा. विमानातून धोकादायक माल नेण्याचे आपले नियम २००३ साली आले, आणि १ जानेवारी २०२५ पासून जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही घाबरणाऱ्यांतले नाही. पण एक कोटी म्हटल्यावर तुम्ही फोनवर प्रथमच गप्प झालात, म्हणून नोंद करून ठेवली.

तुमची एक तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती मी इथे लपवत नाही. शिक्क्याचं खोकं, भराव, कागद, विमान कंपनीचा डीजीचा वेगळा आकार. चार डब्यांसाठी हे सगळं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खरं आहे. लहान शेडवाल्याला ते जड जातं. (डीजी म्हणजे डेंजरस गुड्स. आमच्याकडे नवीन आलेला पोरगा आठवडाभर समजत होता की पोलीस महासंचालकांना पैसे द्यावे लागतात.) पण विचारायचं होतंत हो! नमुनाच पाठवायचा होता ना? जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला चिकटतंय का ते बघायचंय, त्याला काय बर्लिनची भिंत पुन्हा जोडायचीय, म्हणून चार लिटर? नियमांतच यासाठी छोटा दरवाजा ठेवलेला आहे. तुमच्या या मालाच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या, एका खोक्यात सगळ्या मिळून अर्धा लिटरपर्यंत, ठराविक पद्धतीने बांधून आणि ठराविक चिठ्ठी लावून पाठवल्या तर ते लाल किनारीचं डिक्लेरेशनही लागत नाही. औषधाच्या बाटलीएवढा नमुना, गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश, आई नातवाच्या बारशाला वेळेवर. एका फोनचं काम होतं. पण समोरच्या दाराने आत जायचं म्हणजे तुम्हाला चुकल्यासारखं होतं.

मुळशीने मुंबईला आजवर काय काय पाठवलं! आंबेमोहर पाठवला, दूध पाठवलं, गिरण्यांसाठी माणसं पाठवली. आमच्या धरणाचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. त्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली इथे सत्याग्रह झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. त्याच्या कितीतरी आधी हेच बापट शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले होते, आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवून ती हिंदुस्थानात घेऊन आले होते. बोटीने. तेव्हा धोकादायक मालाची आंतरराष्ट्रीय ने-आण या तालुक्याच्या इतिहासाला परकी नाही. फरक एवढाच, की आपल्या पेटीत काय आहे हे बापटांना नेमकं ठाऊक होतं, आणि ते कुणाच्या डोक्यावर ठेवायचं नाही हेही. तुमचा मुळशी पॅटर्न वेगळा.

आता एका गोष्टीबद्दल मला वाकडं बोलता येणार नाही.

७ जून २०२१. उरवडे. तुमच्या शेडपासून किती लांब आहे ते तुम्हीच बघा. पाणी शुद्ध करायच्या रसायनांचं काम चालणाऱ्या एका कारखान्यात दुपारी आग लागली आणि १७ कामगार गेले. बहुतेक बायका. आसपासच्याच, पॅकिंगला जाणाऱ्या. ससूनमध्ये डीएनए करून ओळख पटवावी लागली. त्या दिवशी त्या रस्त्याने बंब धावताना तुम्हीही पाहिले असतील, मी पाहिले. पुढचे चार दिवस पिरंगुटच्या हॉटेलांत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आणि पाचव्या दिवशी, मला आठवतंय, एक जण चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "आपल्याकडं तसलं काय नाय."

तो तुम्ही होतात असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेडमध्ये पॅकिंगच्या टेबलाला चार बायका असतात, त्या मी पाहिल्यात. सकाळी घोटवड्याच्या बाजूने टमटमने येतात, डबा खाली ठेवतात, पदर खोचतात आणि उभ्याने काम करतात. त्या ज्वाळेच्या चित्रावर चिकटपट्टी मारायला तुम्ही त्यांच्यापैकीच कुणाला तरी सांगितलंत. तुम्ही समजता तुम्ही विमानतळाला फसवलंत. विमानतळ फार लांब राहिला, शेठ. त्याच्या आधी ड्रायव्हर फसला, ड्रायव्हरच्या आधी ती. खोकं अजून उघडंच होतं, चिकटपट्टी कापायला ती कात्री शोधत होती, तेव्हाच. आणि ते डबे जिथे ठेवले होते तिथून दार किती पावलांवर आहे, दाराशी काय रचून ठेवलंय, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे. मागच्या महिन्यात माल उचलायला आलो तेव्हा मीच त्या रिकाम्या पिंपांना अडखळलो होतो.

असो.

मी धुतल्या तांदळाचा आहे असं नाही. गेल्या दिवाळीत आमच्या मावशींनी न्यू जर्सीच्या भाच्याला फराळ पाठवला. चकल्या, अनारसे, चिवडा. खोकं घरी आलं, मी चिकटपट्टी लावून कुरियरवाल्याला देणार, तेवढ्यात नाकाला ओळखीचा वास आला. चिवड्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाव किलो कापूर. "तिकडं चांगला मिळत नाही रे, आरतीला हवा." कापूर म्हणजे वर्ग ४.१, ज्वालाग्राही घन पदार्थ, यूएन २७१७. मी काढायला सांगितला. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांच्या मते मी देवाच्या वस्तूला सरकारी नंबर दिला. पण शेठ, मावशींनी खोकं माझ्यासमोर भरलं आणि विचारल्यावर खरं सांगितलं. ‘फराळ’ लिहून वर चिकटपट्टी लावली नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला डिक्लेरेशनचं तत्त्व कळतं. तुम्हाला तर जीएसटीचं रिटर्न भरता येतं.

तर आता तुमचा माल. तीन डबे शाबूत आहेत, ते बाहेर पत्र्याखाली सावलीत, एकटे, स्वतंत्र ठेवलेत. चौथा मी तसा राहू दिला नाही; कसा आणि कुठे रिकामा करायला दिला त्याची पावती जोडतोय, पैसे तुमच्याकडून घेणार. बॅटरी वाळूत. वेफर्सचं खोकं जपून ठेवलंय. माल न्यायला पोराला पाठवू नका, स्वतः या. येताना खऱ्या चौदाव्या भागाची पत्रिका आणा आणि काडेपेटी घरी ठेवा. गोदामभाडं रोजचं चालू आहे. मी त्यावर ‘किरकोळ’ असा वर्ग टाकलाय, म्हणजे वर्ग ९. वर्ग ९ वरून धोका ओळखू येत नाही, हे आता तुम्हाला कळलंच आहे.

कळावे. लोभ आहेच, तो जरा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
खोकी बांधणारा,
पौड रस्ता

ता. क. खोकं उघडताना झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं दिसलं. अक्षर बारीक, शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्या हाताचं, र्‍हस्व-दीर्घाची पर्वा न करणारं. ‘वास येतो. जपुन ऊचला.’ तुमच्या त्या सगळ्या मालावर खरं लिहिलेलं तेवढंच होतं, आणि तेही आतून. उद्या टेबलापाशी जाऊन कुणाचं अक्षर म्हणून विचारत बसाल, म्हणून आधीच सांगतो: तो पुठ्ठ्याचा तुकडा मी कापून घेतलाय. खोक्यासोबत तो परत मिळणार नाही.